दोन महायुद्धांमधल्या आरमारी वॉरगेमसाठी सेनानी कसे निवडावे, त्यांना गुण कसे द्यावे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आरमारी वॉरगेम, म्हणजे पटावर फासे टाकून खेळायची आरमारी लढाई, बसवताना जहाजांपाशी कुणी फारसं अडत नाही. तोफेचा व्यास, चिलखताची जाडी, वेग, टनभार हे सगळं छापील मिळतं. घोडं अडतं ते माणसांपाशी. १९१८ ते १९३९ या काळात मोठ्या आरमारांची समोरासमोर लढाई जवळपास झालीच नाही. मग लढाई न लढलेल्या ॲडमिरलला गुण द्यायचे कशावर? खेळ बसवणारे नवे-जुने लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. ती माझ्या मतांसकट आहेत.

नेमकी कोणती वर्षं धरायची?

नोव्हेंबर १९१८ पासून ऑगस्ट १९३९ पर्यंत. पण हा सलग एक काळ समजू नका. ६ फेब्रुवारी १९२२ च्या वॉशिंग्टन कराराआधी सगळ्यांची जहाजबांधणी मोकाट होती. करारानंतर ब्रिटन आणि अमेरिकेला मोठ्या युद्धनौकांसाठी प्रत्येकी ५,२५,००० टन, जपानला ३,१५,००० टन, फ्रान्स आणि इटलीला प्रत्येकी १,७५,००० टन अशी मर्यादा ठरली. १९३६ अखेर करार संपले आणि पुन्हा शर्यत लागली. या तीन टप्प्यांत ॲडमिरल लोकांचे प्रश्नच वेगळे होते. १९२० चा ॲडमिरल जटलंडच्या (१९१६ ची ब्रिटिश-जर्मन आरमारांची मोठी लढाई) आठवणीत जगतो, १९३० चा क्रूझरची (वेगवान, मध्यम आकाराच्या युद्धनौकांची) संख्या मोजतो, १९३८ च्याला आकाशाकडे बघावं लागतं. गुणपत्रिका बनवताना टप्पा कोणता ते वरच लिहून ठेवा.

आधी सेनानी निवडायचा की आधी तारीख?

तारीख. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. महिना आणि वर्ष ठरल्याशिवाय एकाही नावाला हात लावू नका.

गुण माणसाला नसतात, त्या तारखेच्या माणसाला असतात. ब्रिटनच्या डडली पाउंडचं उदाहरण घ्या. १९४२ च्या जुलैमध्ये पीक्यू-१७ हा रशियाला माल नेणारा जहाजांचा काफिला पांगवण्याचा त्याचा हुकूम इतका वाईट ठरला, की खेळ बसवणारे त्याला डोळे झाकून सर्वांत कमी गुण देतात. पण तुमचा डाव १९३७ चा असेल तर टेबलावर येतो तो भूमध्य समुद्रातल्या ताफ्याचा सरसेनापती पाउंड. कडक सराव करून घेणारा, तपशिलात शिरणारा, सगळी सूत्रं स्वतःच्या हाती ठेवणारा. त्यातला शेवटचा दोष पुढे १९४२ मध्ये नडला, आणि तो १९३७ च्या पत्रिकेत जरूर यावा. पण काफिल्याचा निकाल त्या पत्रिकेत येता कामा नये, कारण तो अजून घडलेला नाही.

मग दुसऱ्या महायुद्धात गाजलेले निमिट्झ, हॉल्सी, कनिंगहॅम, यामामोतो हे हवेहवेसे लोक मिळणारच नाहीत का?

मिळतील, पण त्या वेळच्या हुद्द्यावर. निमिट्झ आणि हॉल्सी १९३८ पर्यंत कॅप्टनच होते. १९३० च्या डावात त्यांच्या हाती अमेरिकेचा ताफा दिलात तर तो इतिहास राहत नाही. हॉल्सीला वैमानिकाचे पंख मिळाले १९३५ मध्ये, वयाच्या ५२ व्या वर्षी. त्याआधीच्या डावात तो विनाशिकांचा माणूस आहे.

पण कनिष्ठ हुद्द्यावरची माणसंच पुष्कळदा खेळाला रंगत आणतात. १९२३ च्या सुमाराचा निमिट्झ बघा. न्यूपोर्टच्या नेव्हल वॉर कॉलेजात युद्धनौकांभोवती जहाजांची वर्तुळं करण्याची रचना पटावर मांडली गेली होती. निमिट्झ तिथून निघून ताफ्याच्या सरसेनापतीच्या हाताखाली गेला आणि तीच रचना त्याने समुद्रावर करून बघितली, ‘लँगली’ या विमानवाहू नौकेला सोबत घेऊन. त्याला ताफा देऊ नका, सरसेनापतीचा सल्लागार म्हणून द्या. ज्या बाजूला तो आहे तिला ही रचना वापरता येईल, दुसरीला नाही.

इसोरोकु यामामोतो १९२८ च्या अखेरीस ‘अकागी’चा कॅप्टन झाला आणि १९३३-३४ मध्ये पहिल्या विमानवाहू डिव्हिजनचा प्रमुख होता. सरसेनापती झाला तो थेट ऑगस्ट १९३९ च्या शेवटी, म्हणजे आपला काळ संपता संपता. कनिंगहॅमबद्दल पुढे भूमध्य समुद्राच्या प्रश्नात लिहिलं आहे.

लढाईच झाली नाही, तर पुरावा कुठला?

चार ठिकाणी बघावं.

पहिलं, महायुद्धातली कामगिरी. १९३० चे बहुतेक ॲडमिरल १९१४ मध्ये कॅप्टन किंवा कमांडर होते. हॉवर्ड केलीने ऑगस्ट १९१४ मध्ये ‘ग्लॉस्टर’ या हलक्या क्रूझरने ‘गोबेन’सारख्या बलाढ्य जर्मन बॅटल क्रूझरचा पाठलाग केला, मागे फिरण्याची सूचना असतानाही माग सोडला नाही आणि तिच्या सोबतच्या ‘ब्रेस्लाऊ’वर तोफा डागल्या. १९३१ ते १९३३ या काळात चीनच्या समुद्रात ब्रिटिश ताफ्याचा प्रमुख तोच होता. त्या डावात त्याच्या चिकाटीला चांगले गुण देताना माझा हात अडखळत नाही.

दुसरं, मोठे वार्षिक सराव. यावर खाली वेगळा प्रश्न आहे, कारण सरावाचे अहवाल जपून वाचावे लागतात.

तिसरं, शिकवणं. माणूस कुठल्या कॉलेजात काय शिकवत होता, यावरून त्याच्या डोक्यात काय चाललं होतं ते कळतं. हेन्री हारवूड १९३४ ते १९३६ मध्ये ग्रिनिचच्या कॉलेजात शिकवत होता आणि जर्मनीच्या ‘पॉकेट बॅटलशिप’ना (आकाराने लहान, पण मोठ्या तोफांच्या युद्धनौकांना) क्रूझरनी कसं घेरावं याचा विचार तिथे चालू होता. १३ डिसेंबर १९३९ ला ला प्लाटाच्या मुखाशी त्याने आपल्या तीन क्रूझर दोन दिशांना वाटून ‘ग्राफ श्पे’ या अशाच युद्धनौकेला दोन निशाण्यांमध्ये अडकवलं. लढाई आपल्या काळाबाहेरची आहे, पण तयारी आपल्या काळातलीच. तेव्हा १९३८ च्या डावातल्या हारवूडला ‘क्रूझर वाटून लढणं’ ही खास मुभा द्या. विजयाचे गुण देऊ नका.

चौथं, बरोबरच्या लोकांशी झालेली भांडणं. बर्ट्रम रॅम्सेने १९३५ मध्ये ब्रिटिश होम फ्लीटचा सरसेनापती बॅकहाउस याच्या हाताखालचं चीफ ऑफ स्टाफचं पद सोडलं, कारण बॅकहाउस सगळं स्वतःच करत असे. या एका घटनेत दोन पत्रिकांचा मजकूर आहे. बॅकहाउसची रीत सगळं मुठीत ठेवण्याची, आणि रॅम्सेला तशा माणसाखाली ठेवलं तर त्याचे गुण वाया जातात.

बढतीचा वेग हा मात्र पुरावा धरू नका. शांततेच्या काळात बढती ज्येष्ठतेवर, ओळखीवर आणि जागा रिकामी होण्यावर मिळत असे.

कोणकोणत्या बाबींना गुण द्यायचे?

मी सहा ठेवतो: ताफ्याची हाताळणी, झुंजण्याची ओढ, रात्रीची लढाई, हवाई जाण, माणसांवरची पकड आणि हुकमाची रीत. पहिल्या पाचांना १ ते ५ गुण. ३ म्हणजे त्या आरमारातला नेहमीचा, कामात पक्का ॲडमिरल. सगळ्या पत्रिका मिळून निम्म्याहून जास्त चौकटींत ३ आला पाहिजे. ज्या पत्रिकेत सगळे ४ आणि ५ दिसतात, ती चाहत्याने लिहिलेली असते. पुरावा नसेल तिथे ३ लिहून पुढे जा.

सहाव्या बाबीला आकडा नाही, दोनच शब्द आहेत: ‘मुठीत’ किंवा ‘मोकळी’. मुठीत ठेवणाऱ्याचा ताफा एका शिस्तीत वळतो, रांग मोडत नाही, पण ध्वजनौका जायबंदी झाली किंवा संकेत दिसला नाही की दोन फेऱ्या कुणाला नवा हुकूम मिळत नाही. मोकळी रीत असणाऱ्याने डावाआधी दोन ओळींचा स्थायी हुकूम लिहून द्यायचा, आणि हाताखालचे त्याप्रमाणे आपापलं चालतात, कधी कधी त्याला नको असलेल्या दिशेनेही.

ही बाब मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते आणि तीच बहुतेक खेळांत सुटलेली असते. जटलंडला ३१ मे १९१६ रोजी बीटीच्या वळण्याचा संकेत एव्हन-थॉमसच्या युद्धनौकांपर्यंत वेळेवर पोचला नाही आणि ताफ्यातली सर्वांत ताकदवान चार जहाजं मागे राहिली. पुढची वीस वर्षं ब्रिटिश आरमार या एका दिवसाचा काथ्याकूट करत होतं. बीटीच्या ध्वजनौकेचा, ‘लायन’चा, कॅप्टन चॅटफिल्ड होता. तोच १९३३ मध्ये फर्स्ट सी लॉर्ड, म्हणजे ब्रिटिश आरमाराचा प्रमुख, झाला. या पिढीच्या मनात संकेत आणि पुढाकार यांचा प्रश्न किती खोल रुतला होता, ते खेळात उतरलं नाही तर मग १९३० चं ब्रिटिश आरमार कुठलं?

झुंजण्याची ओढ जास्त म्हणजे सेनानी चांगला, असं धरायचं का?

नाही. ५ गुण म्हणजे तो शत्रूकडे झेपावतो. ते शहाणपणाचं असो वा नसो. ही ओढ खेळाडूवर बंधन म्हणून आली पाहिजे. ५ वाल्याला माघार घ्यायची असेल तर फासा टाकून परवानगी मिळवावी लागते, १ वाल्याला चढाईसाठी.

जपानचा कातो कानजी याचं उदाहरण घ्या. तो १९२६ च्या अखेरीपासून दोन वर्षं संयुक्त ताफ्याचा सरसेनापती होता. वॉशिंग्टनमध्ये जहाजांची संख्या कमी पडली, ती कसर सरावाने भरून काढायची या निश्चयाने त्याने रात्रीचे हल्ले पुन्हा पुन्हा घोटून घेतले, दिवे बंद ठेवून, पूर्ण वेगात. २४ ऑगस्ट १९२७ च्या रात्री मिहोनोसेकीजवळ ‘जिंत्सू’ ही क्रूझर ‘वाराबी’ या विनाशिकेवर आदळली आणि वाराबी बुडाली. तिला चुकवू पाहणारी ‘नाका’ दुसऱ्या विनाशिकेवर, ‘आशी’वर आदळली. शंभराहून जास्त नौसैनिक गेले. ‘जिंत्सू’च्या कॅप्टनने, मिझुशिरो केइजीने, पुढे खटला चालू असताना आत्महत्या केली.

कातोच्या पत्रिकेत यामुळे रात्रीच्या लढाईला ५ आणि झुंजीला ५ येतातच, पण त्यासोबत रात्री पूर्ण वेगाने जाणाऱ्या त्याच्या प्रत्येक गटासाठी टकरीचा फासाही टाकावा लागतो. हा फासा काढून टाकण्याची विनंती जपानची बाजू घेणारे नेहमी करतात. ती मानू नका. त्या कौशल्याची किंमत माणसांच्या जिवाने मोजली होती, आणि किंमतीशिवाय कौशल्य पटावर ठेवणं त्या खलाशांवर अन्याय आहे.

सराव जिंकला म्हणजे सेनानी श्रेष्ठ का?

सराव कुणी जिंकला यापेक्षा त्यात कुणी काय नवं करून पाहिलं, ते बघा. निकाल पंच देत, आणि पंचांचे नियम जुन्या समजुतींवर बेतलेले असत.

जानेवारी १९२९ च्या अमेरिकी सरावात जोसेफ रीव्ह्जने ‘सॅराटोगा’ला सावकाश चालणाऱ्या ताफ्यापासून सोडवून घेतलं, एका हलक्या क्रूझरच्या सोबतीने रात्रभर दक्षिणेकडून वेगात नेलं, आणि २६ तारखेच्या पहाटे सुमारे ७० विमानं पनामा कालव्यावर पाठवली. पंचांनी कालव्याची दारं उद्ध्वस्त झाल्याचं मान्य केलं. पण त्याच पंचांनी सॅराटोगालाही शत्रूने गाठून बुडवल्याचं ठरवलं! दोन्ही गोष्टी पत्रिकेत याव्यात. हवाई जाण ५, कारण विमानवाहू नौका ताफ्यापासून सुटी करून स्वतंत्र हत्यार म्हणून वापरता येते हे त्याने करून दाखवलं. नौकेच्या बचावासाठी मात्र जादा काहीही नाही. ही परवानगी देणारा वरिष्ठ विल्यम प्रॅट होता, हेही विसरू नका. धाडसी माणसाला मोकळीक देणाऱ्यालाही गुण मिळाले पाहिजेत, म्हणून प्रॅटची रीत ‘मोकळी’.

दुसरा सराव हॅरी यार्नेलचा. ७ फेब्रुवारी १९३२, रविवारची पहाट. यार्नेलने युद्धनौका मागे ठेवल्या, ‘लेक्सिंग्टन’ आणि ‘सॅराटोगा’ घेऊन पावसाळी हवेच्या आडोशाने ओआहूच्या ईशान्येला पोचला आणि १५२ विमानं पर्ल हार्बरवर सोडली. बचाव करणारे गाफील सापडले. १९३८ मध्ये अर्नेस्ट किंगने ‘सॅराटोगा’वरून तसंच केलं. आज हे वाचताना अंगावर काटा येतो, म्हणूनच इथे सांभाळा: यार्नेलला हवाई जाणीचे ५ गुण १९३२ च्या धाडसासाठी द्या, डिसेंबर १९४१ मुळे देऊ नका.

हवाई जाण हा माणसाचा गुण की त्याच्या देशाचा?

दोन्ही, आणि ते वेगळे लिहिले पाहिजेत.

ब्रिटनमध्ये जहाजांवरची विमानं १९२४ पासून फ्लीट एअर आर्म या नावाने रॉयल एअर फोर्सच्या ताब्यात होती. ती पूर्णपणे आरमाराकडे परत आली ती १९३९ मध्ये. इटलीत १९२३ पासून हवाई दल स्वतंत्र होतं आणि विमानवाहू नौका बांधायचीच नाही असं धोरण होतं. रोमेओ बेर्नोत्तीसारखा इटालियन ॲडमिरल विमानवाहू नौकांच्या बाजूने लिहीत राहिला, पण त्याच्या हाती एकही नव्हती. त्याला ५ दिले तरी पटावर वापरायला काय आहे? म्हणून मी देशासाठी एक कमाल मर्यादा लिहितो आणि माणसाचे गुण त्या मर्यादेपर्यंतच चालतात. बेर्नोत्ती स्वतः ५, इटलीची मर्यादा २, म्हणून डावात २.

अमेरिकेची मर्यादा सर्वांत वर, आणि याचं श्रेय विल्यम मॉफेटला. १९२१ पासून आरमाराच्या हवाई विभागाचा प्रमुख राहून त्याने विमानं आरमाराबाहेर जाऊ दिली नाहीत. तो स्वतः ताफा चालवणारा सेनानी नव्हे, त्यामुळे त्याची पत्रिका बनवूच नका. त्याचं काम अमेरिकेच्या मर्यादेत आलेलं आहे. ४ एप्रिल १९३३ ला ‘ॲक्रन’ हे हवाई जहाज समुद्रात कोसळलं त्यात तो गेला. त्यानंतरच्या डावातही ती मर्यादा खाली आणू नका, पाया पक्का झाला होता.

माणसांवरची पकड खेळात कशी दिसते?

खलाशांचं मनोबल ढासळू लागतं तेव्हा. स्कॉटलंडमधल्या इन्व्हरगॉर्डनला सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटिश खलाशांनी जहाजं हलवायला नकार दिला. पगारकपात सर्वांना सारखी नव्हती. दिवसाला चार शिलिंग मिळवणाऱ्या खालच्या खलाशाचा एक शिलिंग, म्हणजे पाव पगार, जाणार होता. अटलांटिक ताफ्याचा प्रमुख हॉजेस आजारी असल्याने टॉमकिन्सनच्या हाती सूत्रं होती. त्याने बळ वापरलं नाही आणि जहाजांना आपापल्या बंदरात जाऊ दिलं. आधी सरकारने त्याच्याकडे बोट दाखवलं नाही, नंतर दोष त्याच्याच माथी आला. माझ्या मते टॉमकिन्सनला या बाबीत ४ द्यायला हवेत. तोफा रोखल्या असत्या तर काय झालं असतं याचा विचार करा.

घडी पुन्हा बसवायला जॉन केलीला आणलं. खलाशांना तो आपला वाटे. त्याला ५. १९३२ मध्ये त्याच ताफ्याचं नाव बदलून होम फ्लीट झालं.

एकाच नावाच्या दोन-दोन ॲडमिरलांचा घोळ होतो. यादी मिळेल का?

आधीच आलेले केली: जॉन आणि हॉवर्ड, सख्खे भाऊ, दोघेही ॲडमिरल, आणि १९३२ मध्ये दोघेही एकाच वेळी मोठ्या पदांवर. यामामोतो: १९२९ ते १९३१ मध्ये संयुक्त ताफ्याचा सरसेनापती होता तो यामामोतो एइसुके, इसोरोकु नव्हे. सर्वांत जास्त पत्रिका इथेच चुकलेल्या मी पाहिल्या आहेत. कातो: तोमोसाबुरो वॉशिंग्टन करारावर सही करणारा, पुढे पंतप्रधान, ऑगस्ट १९२३ मध्ये वारला. कानजी त्याच कराराचा कट्टर विरोधक. फिशर: ‘ड्रेडनॉट’ युद्धनौका आणणारा जॅकी फिशर १९२० मध्ये गेला. १९३२ ते १९३६ मध्ये भूमध्य समुद्रात होता तो विल्यम फिशर. कनिंगहॅमही दोन आहेत, अँड्र्यू आणि जॉन.

पहिला डाव कोणता बसवावा?

१९३५ च्या शरदातला भूमध्य समुद्र. इटलीने ३ ऑक्टोबरला ॲबिसिनियावर (आजच्या इथिओपियावर) स्वारी केली, ब्रिटिश ताफा माल्टाहून अलेक्झांड्रियाला हलवलेला होता, आणि युद्ध खरोखर होऊ शकलं असतं. सगळी जहाजं खरी, सगळी माणसं जागेवर, कल्पना फक्त पहिल्या तोफगोळ्याची.

ब्रिटिश बाजूला विल्यम फिशर, या काळातला माझा सर्वांत आवडता सेनानी. मार्च १९३४ च्या अटलांटिकमधल्या सरावात त्याने भयंकर हवेत, रात्री, होम फ्लीटला अचूक गाठलं. रात्रीची लढाई म्हणजे विनाशिकांचं काम, मोठ्या जहाजांनी अंधारात लांब राहावं, ही जुनी समजूत चॅटफिल्ड आणि फिशर यांच्या हाताखाली याच ताफ्यात मोडली. त्याची पत्रिका: हाताळणी ५, झुंज ४, रात्र ५, हवाई जाण ३, पकड ४. आणि त्याच्या विनाशिकांचा प्रमुख कोण? रिअर ॲडमिरल अँड्र्यू कनिंगहॅम. मार्च १९४१ मध्ये ग्रीसजवळ मातापानच्या अंधारात इटालियन क्रूझर त्याने ज्या पद्धतीने टिपल्या, ती घडत असताना तो इथेच होता. १९३५ मध्ये त्याला रात्रीच्या लढाईला ४ द्या. विद्यार्थ्याला गुरूएवढे गुण आत्ताच नकोत.

इटालियन बाजूला आरमाराची सूत्रं दोमेनिको काव्हान्यारीकडे. तो रोममधून कारभार चालवणारा, सावध माणूस. झुंज २, रीत मुठीत. इटालियन खलाशांना किंवा कॅप्टनांना कमी लेखू नका. रोमच्या हुकमाची वाट पाहावी लागणं ही त्यांची खरी अडचण, ती फेऱ्यांच्या विलंबाने दाखवा.

ब्रिटिश बाजूवर एक बंधन हवं. चॅटफिल्डला इटलीशी युद्ध नको होतं. जिंकूनही चार-दोन मोठी जहाजं गेली तर जपान आणि जर्मनीसमोर काय उभं करायचं, ही त्याची चिंता होती. म्हणून ब्रिटिश खेळाडूने दोन मोठ्या युद्धनौका गमावल्या तर पटावर जिंकूनही डाव बरोबरीत सुटतो.

राजकारण खेळात आणावं का?

जपान आणि सोव्हिएत संघाच्या डावात आणावंच लागतं. जपानमध्ये १९३० च्या लंडन करारावरून (जहाजांवर मर्यादा घालणारा पुढचा करार) आरमार दुभंगलं. कातो कानजीने राजीनामा दिला, पण १९३३-३४ मध्ये सूड उगवला गेला आणि करार मानणारे हुशार अधिकारी, यामानाशी, साकोन्जी, होरी तेइकिची, घरी बसवले गेले. १९३५ च्या जपानी यादीत होरीला घालू नका.

सोव्हिएत संघात याहून भीषण झालं. काळ्या समुद्रातल्या ताफ्याचा कोझानोव्ह, आरमाराचा प्रमुख ओर्लोव्ह, त्यानंतरचा प्रमुख विक्तोरोव्ह, तिघेही १९३८ मध्ये गोळी घालून मारले गेले. १९३९ मध्ये कुझ्नेत्सोव्ह वयाच्या ३४ व्या वर्षी आरमाराचा मंत्री झाला. १९३७ नंतरच्या सोव्हिएत डावात सगळ्यांची रीत ‘मुठीत’ आणि पुढाकार जवळजवळ शून्य ठेवा. त्या माणसांची कुवत कमी नव्हती. चुकीची शिक्षा मरण असेल तेव्हा कुणी पुढाकार घेत नाही.

जटलंडचे मोठे लोक १९२२ च्या डावात वापरता येतील?

फार थोडे. जेलिको १९२० ते १९२४ न्यूझीलंडचा गव्हर्नर जनरल होता. बीटी लंडनमध्ये फर्स्ट सी लॉर्ड, समुद्रावर नाही. अटलांटिक ताफा त्या उन्हाळ्यापर्यंत मॅडनकडे होता. जर्मनीचे शेर आणि हिपर निवृत्त. अमेरिकेचा सिम्स त्याच वर्षी निवृत्त झाला. मृत्यूच्या तारखाही तपासा: विल्यम फिशर जून १९३७ मध्ये, रेजिनल्ड हेंडरसन आणि बॅकहाउस १९३९ मध्ये गेले.

भारतीय सेनानी घेता येतील का? मुंबईत तर आरमार होतं.

होतं. रॉयल इंडियन मरीनचं २ ऑक्टोबर १९३४ ला मुंबईत रॉयल इंडियन नेव्ही झालं. पण ते स्लूप, म्हणजे छोट्या रक्षक नौकांचं छोटं दल होतं आणि वरच्या सगळ्या जागा ब्रिटिशांकडे. पहिला भारतीय अधिकारी, डी. एन. मुखर्जी, १९२८ मध्ये आला तो इंजिनिअर शाखेत. पुढे १९५८ मध्ये पहिले भारतीय नौदलप्रमुख झालेले रामदास कटारी १९२७ मध्ये मुंबईच्या ‘डफरिन’ या प्रशिक्षण नौकेवर शिकाऊ होते. एडन ते मुंबई या पट्ट्यात व्यापारी जहाजांचं रक्षण करण्याचा डाव बसवलात तर या नौकांना मानाची जागा आहे, आणि तो डाव कुणीतरी नीट बसवावा अशी माझी फार इच्छा आहे. ताफ्यांच्या लढाईत मात्र नाव ओढून-ताणून आणू नका.

राएडरसारख्या माणसाला चांगले गुण देणं योग्य का?

जर्मन आरमाराचा प्रमुख एरिख राएडर याला न्युरेंबर्गच्या युद्धगुन्ह्यांच्या खटल्यात जन्मठेप झाली. त्याच्या पत्रिकेवरचे गुण जहाजं हाताळण्याचे आहेत, माणुसकीचे नव्हेत. मी अशा पत्रिकांच्या पाठीमागे शिक्षेची नोंद छापतो, म्हणजे शाळेतली मुलं खेळायला बसली तर त्यांनाही कळतं.

खेळाडूला पुढचा इतिहास माहीत असतो. त्याचं काय करायचं?

नावं झाका. प्रत्येक बाजूला त्या तारखेला उपलब्ध असलेल्या पाच-सहा जणांच्या पत्रिका बंद पाकिटात द्या. बाहेर फक्त हुद्दा, वय, महायुद्धातली कामगिरी आणि शेवटची नेमणूक लिहा. खेळाडूने त्यावरून नेमणूक करायची, जशी त्या काळच्या मंत्र्यांनी केली. आतले गुण पहिली तोफ डागल्यावर उघडायचे. ‘टॉर्पेडोतज्ज्ञ, कॅप्टन, विमानांचा अनुभव नाही’ असं वाचून १९३५ च्या डावात नागुमोला (पुढे पर्ल हार्बरवर विमानवाहू नौका नेणारा जपानी सेनानी) विनाशिकांवर नेमणारा खेळाडू अगदी बरोबर निवड करतो.

एका बाजूला किती सेनानी असावेत?

सरसेनापती एक, हाताखालचे दोन किंवा तीन. त्याहून जास्त झाले की पत्रिका वाचण्यातच संध्याकाळ जाते. चौथा हवाच असेल तर तो विनाशिकांचा प्रमुख असू द्या. रात्र पडल्यावर सगळ्यांत जास्त निर्णय त्यालाच घ्यावे लागतात.